जुन्या गाडीचा दम

मोठा आवाज म्हणजे मोठा जोर, ही समजूत आपल्या मनात लहानपणीच घर करून बसते. दिवाळीत लवंगी फटाक्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. ॲटमबॉम्बची वात पेटली, की शेजारची दोन बिऱ्हाडे दारात येऊन उभी राहतात. मोठेपणीही ही समजूत आपली पाठ सोडत नाही, आणि मोटारीच्या बाबतीत तर मुळीच नाही. घुमत गेली ती तरणीबांड गाडी. मुकाट्याने गेली ती म्हातारी! ज्याच्या दारात जुनी गाडी आणि खिशात चार पैसे आहेत, अशा तरुणाला ही समजूत किती महाग पडू शकते, ते आज सांगणार आहे.

वर्षभर या सदरातून मी इंग्लंडातल्या घरगुती गोष्टी तुमच्याशी बोलतो. आजची गोष्टही घरातलीच आहे. माझा भाचा इथे मिडलंड्समध्ये नोकरीला आहे. त्याने २००३ सालची एक मिनी कूपर एस विकत घेतली. अलेक इसिगोनिस यांनी घडवलेली मूळ मिनी १९५९ सालची. तिचा नवा अवतार बीएमडब्ल्यू कंपनीने २००१ साली आणला. त्यातलेच हे तापट भावंड. ऑक्सफर्डच्या काउली भागात गाडी तयार होई, आणि तिचे इंजिन येई थेट ब्राझीलहून. साधी कूपर आणि ही कूपर एस, दोघींचे इंजिन एकाच मापाचे, १५९८ घनसेंटिमीटरचे. पण साधीची ताकद ११५ अश्वशक्ती, तर हिची १६३. हा फरक मुख्यतः सुपरचार्जरचा.

सुपरचार्जर म्हणजे लोहाराचा भाता समजा. आणि ही नुसती उपमा नव्हे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स नावाच्या दोन भावांनी १८६० साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, ते पुढे ओतकामाच्या भट्ट्यांना वारा घालू लागले. मोटारीच्या इंजिनाला तोच वारा घालायची कल्पना नंतरची. इंजिन आपल्या बळावर जेवढी हवा ओढते, त्याहून अधिक हवा हा भाता तिच्या नरड्यात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळते, म्हणून जोर जास्त. या मिनीतला भाता एका फेऱ्यात ४५ घनइंच, म्हणजे सुमारे पाऊण लिटर हवा ढकलतो.

तो फिरतो इंजिनच्याच पट्ट्यावर. आजीचे पायाचे शिवणयंत्र आठवा. खाली मोठे चाक, वर लहान चाक आणि मधे पट्टा. वरचे चाक आणखी लहान केले, तर पाय तेवढेच हलतील, पण सुई टाके जास्त घालील. सुपरचार्जरची पुली लहान करायची ती याच हिशेबाने. तिचा व्यास १५ टक्क्यांनी कमी केला, की भात्याचे फेरे साडेसतरा टक्क्यांहून थोडे जास्तच वाढतात. जिथे तो मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल, तिथे १४,००० च्या वर जाईल. आणि आत जास्त हवा शिरली, तर बाहेर धूरही जास्त पडणार. म्हणून मोकळ्या श्वासाचा सायलेन्सर.

"मामा, एक पुली आणि एक सायलेन्सर! शनिवार-रविवारचे काम," भाचा म्हणाला. त्याने हजार पौंड बाजूला ठेवले होते. भाचेसुनेला सातवा महिना. याच गाडीने ती रोज मोटरवेवरून चाळीस मैल जा-ये करी. ती चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, "मामा, तुम्हीच सांगा ह्याला. मला गाडी धावायला नको, पोचायला हवी."

आता तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? वाईट काहीच नाही. पण भात्याचा वारा फुकटचा नसतो. पहिली गोष्ट, तो फिरवायला लागणारी ताकद इंजिनकडूनच घेतली जाते. दुसरी, दाबलेली हवा तापते. सायकलीचा पंप दहा-बारा वेळा मारून त्याच्या तोंडाला हात लावून पाहा! या मिनीच्या बॉनेटवर जी खिडकी दिसते, ती शोभेची नसून ही तापलेली हवा निववणाऱ्या जाळीसाठी आहे. जाळीला झेपेल त्यापलीकडे हवा तापली, की इंजिन खटखटू लागते. तसे होऊ नये म्हणून इंजिनचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो, आणि कमावलेल्या जोरातला काही भाग तिथेच खर्ची पडतो. नुसता मागचा सायलेन्सर बदलून तर जोर फारच थोडा वाढतो. वाढतो तो मुख्यतः आवाज.

हा वाद जुनाच आहे. १९३० च्या सुमारास बेंटली गाड्यांना सुपरचार्जर लावावा असा हट्ट शर्यतवीर टिम बर्किन याने धरला. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली त्याच्या विरुद्ध होते. जोर हवा तर इंजिन मोठे करा, हे त्यांचे मत. १९३० च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बर्किनने मर्सिडीजचा जो पाठलाग केला, त्याच्या कथा अजून रंगवून सांगतात. पण भात्याच्या दोन्ही बेंटली शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. जिंकली ती साडेसहा लिटरची, भाता नसलेली बेंटली. चोवीस तासांच्या शर्यतीत धावण्याइतकीच टिकण्याचीही परीक्षा असते.

म्हणून मी भाच्याला एवढेच म्हटले, "पुली घाल. पण आधी आत काय आहे ते पाहू."

या गाडीत एक खुबी आहे. रेडिएटरचे पाणी फिरवणारा पंप सुपरचार्जरच्या मागच्या टोकाला जोडलेला असून त्यातल्याच लहान दातेरी चाकांवर तो चालतो. या चाकांना थोडेसे तेल असते, पण ते आयुष्यभर पुरेल असे कारखान्याने धरलेले. ते बदलण्याची पाळीच वेळापत्रकात नाही. त्यामुळे आधीच्या मालकाच्या नोंदवहीत शिक्के अगदी व्यवस्थित होते, आणि या तेलाकडे वीस वर्षांत कोणी पाहिले नव्हते!

दोन शनिवार आम्ही गाडीचे तोंड पुढे ओढून, पाणी काढून, भाता उतरवण्यात घालवले. पुढच्या कप्प्यात बरेचसे तेल निघाले. मागच्या कप्प्याचे बूच काढले, तेव्हा चमचाभर काळी राब बाहेर आली. भाच्याने ती बोटावर घेऊन उन्हात धरली. तिच्यात धातूची चमचम होती. दातेरी चाकांचे दात झिजून टोकदार झाले होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. हे दात नव्या पुलीने आणखी साडेसतरा टक्के जोरात फिरले असते. मग ते तुटते, पंप थांबता, आणि भर मोटरवेवर इंजिन उकळते. गाडीत त्या वेळी कोण असते, हे दोघांनाही न बोलता कळले.

हजार पौंडांचे पुढे काय झाले, तो हिशेब ऐका. भात्याची चाके आणि तेल नवे. पाण्याचा पंप नवा. पट्टा नवा आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही नवा. इंजिनच्या मुख्य दांड्यावरची पुली पाहिली, तर तिच्या आतले रबर सुटू लागले होते; तीही नवी. एवढे झाल्यावर भात्याची लहान पुली बसवली, कारण सगळे उघडलेलेच होते. तिला आखूड पट्टा लागतो, आणि वाढत्या उष्णतेसाठी स्पार्क प्लग जरा थंड जातीचे. साऱ्या यादीत लहान पुली हीच सर्वांत स्वस्त निघाली. सायलेन्सर मिठाच्या रस्त्यांनी गंजलाच होता. तिथे स्टेनलेस स्टीलचा घातला, पण बेताच्या आवाजाचा. तो निवडताना भाचेसून शेजारी उभी होती, हे सांगायला नकोच.

कारखान्याने स्वतः हाच मार्ग धरला होता. जॉन कूपर वर्क्सच्या संचाने हीच गाडी २०० अश्वशक्तीपर्यंत नेली. पण त्या संचात नुसता भाता सुधारलेला नव्हता. सिलिंडर हेड, सायलेन्सर आणि संगणकाची आज्ञावली असे सगळेच बदललेले होते. एकालाच ताण देऊन बाकीच्यांनी सोसावे, असा त्यांचा हिशेब नव्हता.

आणखी दोन शब्द कायद्याचे. इंग्लंडात असा बदल विमा कंपनीला आधी कळवावा लागतो. नाही कळवला, तर अपघाताच्या दिवशी विमा हात वर करू शकतो. वर्षाच्या तपासणीत धूर आणि आवाज दोन्ही पाहतात, आणि धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेली गाडी तिथे नापास होते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहेच. कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हा लेख वाचून लगेच पाना हाती घेऊ नये!

बाळ आता पाच महिन्यांचे आहे. परवा भाचेसून त्याला घेऊन वेल्समधल्या डोंगरांत जाऊन आली. फोनवर म्हणाली, "मामा, चढावर आता दम लागत नाही हो गाडीला." पुलीचे नाव तिने काढले नाही, आणि तेलाचेही नाही.

तुमच्याही घरात असे एखादे जुने यंत्र असेल. मोटार नसेल, तर पिठाची गिरणी असेल, पाण्याचा पंप असेल, नाहीतर वडिलांची स्कूटर. त्याच्याकडून अधिक काम हवे असेल, तर जरूर घ्या. जुन्या यंत्रात पुष्कळ दम उरलेला असतो. मात्र त्याला जोर देण्याआधी जे बूच आजवर कोणी काढले नाही, ते एकदा काढून पाहा. तिथे चमचाभर तेल घालायला फार पैसे पडत नाहीत.

दिवाळी तुम्हां सर्वांना सुखाची जावो.