'सुजलाम' पश्चिम महाराष्ट्र? माणमध्ये येऊन बोला

टीव्हीवरच्या चर्चेत कुणीतरी हमखास म्हणतं, "पश्चिम महाराष्ट्राला सगळं मिळालं, पाणी, कारखाने, सत्ता." मंडळी, हे बोलणाऱ्याला एकदा दहिवडीच्या एसटीत बसवा. एप्रिलमध्ये.

आमचा सातारा जिल्हा घ्या. पश्चिमेला महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून सव्वाशे किलोमीटरवर माण तालुका, पाऊस पाचशेच्या आसपास, तोही आला तर. कारण पाचवीच्या पोराला पण माहितीये. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर अडतात, तिथंच रिते होतात, आणि पलीकडं उतरतो तो कोरडा वारा. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला सगळे त्याच सावलीत.

आता सरकारी हिशेब बघा. जिल्ह्याची सरासरी काढायची! एकाच्या ताटात दोन पुरणपोळ्या, दुसऱ्याचं ताट रिकामं, आणि कागदावर दोघांनी एकेक खाल्ली. या सरासरीच्या जोरावर आम्हाला 'सधन' ठरवलं जातं.

१९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. विदर्भ, मराठवाडा आणि तिसरं 'उर्वरित महाराष्ट्र'. नाव बघा, उर्वरित! कोकणातली खाडी, खानदेशातली तापी आणि आमची कोरडी माणगंगा एकाच पोत्यात. २०२० ला मंडळांची मुदत संपली, तेव्हा इकडं कुणाला पत्ताही नव्हता.

विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष खोटा आहे असं मी म्हणत नाही. उलट तिथंही हीच लबाडी चालते. गोंदिया-भंडाऱ्यात तळी आणि धान, तर अकोला-अमरावतीकडं पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, जिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. दोन्ही 'विदर्भ'च. कोकणात तीन हजार मिलिमीटर पडतो, पण जांभा दगड पाणी धरत नाही, मे महिन्यात वाड्यांवर टँकर. आणि आपण म्हणतो कोकण हिरवंगार!

विभाग महसूल खात्यानं आखले, कलेक्टर-कमिशनरच्या सोयीसाठी. डोंगर, माती, खडक त्यांनी विचारात घेतलेच नव्हते. कारभारापुरतं ते ठीक. पण पाण्याचा पैसा त्याच रेघांवर वाटायचा हा कुठला न्याय? जिहे-कठापूरला मान्यता मिळाली नव्वदच्या दशकात. कृष्णेचं पाणी उचलून माणमध्ये यायला पोरांची पोरं झाली. मधल्या काळात मेंढरं घेऊन बाहेर पडलेल्यांना 'सधन भागातले' म्हणायचं का?

दर महसूल मंडळाच्या पावसाची नोंद सरकारकडं असते. मग जिल्हा नियोजनच्या बैठकीत ती आकडेवारी टेबलावर का येत नाही? आपल्या आमदाराला विचारा. ते काय म्हणाले ते खाली कॉमेंटमध्ये लिहा, मी बातमी करतो.