दाखला कोणाच्या हातात?

आमच्या कौंडण्यपूरला वर्धेच्या काठावर अस्थी घेऊन येणाऱ्यांची ये-जा सारखी चालू असते. जीप थांबते, चार-सहा पुरुष माणसं उतरतात, विधी उरकून निघून जातात. गेलेल्याची बायको त्यांच्यात क्वचितच दिसते. ती घरी, आतल्या खोलीत. तेरवी होईपर्यंत तिनं बाहेर पडायचं नाही, ही अजूनही पुष्कळ घरांतली रीत.

पण मैत्रिणींनो, सरकारी घड्याळ तेरवीसाठी थांबत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची. त्यानंतर विलंब शुल्क, महिना उलटला की वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष लोटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. नोंद बहुतेक वेळा घरचे पुरुष करतात. प्रश्न पुढचा आहे. तो दाखला राहतो कोणाजवळ?

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका सुनेचा नवरा गेला. वय जेमतेम अडतीस. पोटात दुखतं म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात नेला, तो परत आलाच नाही. चार महिन्यांनी ती माझ्याकडे आली. नवऱ्याच्या खात्यात कपाशीचे पैसे होते आणि बँकेनं मृत्यूचा दाखला मागितला होता.

"मग दे ना. कुठे आहे दाखला?"

"ताई, थो भासऱ्यापाशी आहे. मले त कोणी दाखवलाच नाही."

भासरे काही वाईट नाहीत. सगळी धावपळ त्यांनीच केली. पण त्यांनी प्रत घेतली एकच, आणि ती वारसाच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे दिली. घरात उरली झेरॉक्स. ती वाचली आणि मी कपाळाला हात लावला. भरती करताना पुतण्यानं घरचं नाव सांगितलं होतं, बंडू! सातबारावर वेगळं, आधारवर वेगळं, आणि मेला कोण, तर बंडू.

आमच्या ग्रामपंचायतीत गेलो तर तिथे नोंदच नव्हती. हे पुष्कळ बायकांना ठाऊक नसतं. माणूस जिथे मरण पावतो तिथे नोंद होते, जिथे राहतो तिथे नाही. घरी गेला तर ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), शहरातल्या दवाखान्यात गेला तर त्या शहराच्या नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत. निघालो आम्ही दोघी एसटीनं. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला खिडकीतल्या माणसानं तिच्याकडे न बघताच विचारलं, "घरातलं कोणी पुरुष माणूस नाही आलं का?"

ती गप्प. मी मात्र गप्प बसले नाही. कायद्याच्या 17 व्या कलमात लिहिलंय की नोंदवहीतला उतारा ठरलेली फी भरून कोणालाही मागता येतो. तिथे बाई-पुरुष हा भेद नाही. मग गेलेल्याच्या बायकोला तरी कोणी अडवायचं कारण काय?

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या भागात ती घराघरात पोचायला हवी. दाखल्याच्या प्रतीवर मृत्यूचं कारण छापत नाहीत. ज्या घरातल्या शेतकऱ्यानं जीव दिला, त्या घरची बाई दाखला मागायला लाजते. लोक काय वाचतील, मुलीच्या सोयरिकीच्या वेळी कोणी दाखवेल का, असं तिच्या मनात येतं. बाई गं, त्या कागदावर नाव, तारीख, ठिकाण एवढंच असतं. सरकारी मदतीसाठी पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, ती कागदपत्रं वेगळी.

2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सरकारनंही इतर गावांना तसं करायचं आवाहन केलं. कुंकू पुसू नका, बांगड्या फोडू नका, हे फार मोलाचं आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या ठरावांत एक ओळ कागदांचीही असावी. दाखल्याच्या अर्जावर अर्जदार म्हणून बायकोचं नाव हवं आणि प्रतीही तिच्याच हातात पडाव्यात. प्रती एक-दोन नकोत, आठ-दहा घ्याव्या. बँक, विमा, पोस्ट, निराधार योजना, जो तो आपली प्रत मागतो. ज्या घरात दाखला दुसऱ्याच्या कपाटात, तिथे बाईला स्वतःच्या नवऱ्याच्या पैशासाठीही हात पसरावा लागतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

आणि हे गाव कोणतं? रुक्मिणीचं माहेर! स्वतःच्या लग्नासाठी स्वतः पत्र पाठवणारीचं गाव. इथल्या लेकीसुनांनी एका अर्जावर सही करायला दिराची वाट बघावी?

नाव दुरुस्त व्हायला पुढे दोन महिने लागले. आधार, सातबारा, ओळखणाऱ्या दोघांचं लेखी निवेदन, सगळं जोडलं. अर्ज मी लिहिला नाही, मुद्दाम तिलाच लिहायला लावला. अक्षर वाकडंतिकडं आलं, एकदा कागद फाडावा लागला. पण "अर्जदार" या शब्दापुढे तिनं पूर्ण नाव लिहिलं.

परतीच्या बसमध्ये ती प्रती मोजत होती. आठ होत्या. एक वेगळी काढून तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

"ही कोणासाठी?"

"भासऱ्यासाठी," ती म्हणाली. "त्यायलेही लागन ना."