नऊ महिन्यांचा गुडघा

गुडघ्यातले लिगामेंट किती ताकदीचे आहे हे खात्रीने जाणून घ्यायचे, तर ते तुटेपर्यंत ताणावे लागते. अमेरिकेत सॅव्हियो वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतांच्या गुडघ्यांवर नेमके हेच केले आणि 1991 साली निष्कर्ष छापले. तरुणांचे एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतले पुढचे लिगामेंट, सरासरी 2160 न्यूटनला तुटले. म्हणजे साधारण 220 किलोचा भार. साठी ओलांडलेल्यांचे 658 न्यूटनलाच, म्हणजे 67 किलोच्या आसपास. वयाने ताकद एक तृतीयांशाहूनही कमी उरलेली, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

जिवंत माणसावर हा प्रयोग अर्थातच होत नाही. मग डॉक्टर एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहतात आणि एमआरआय काढायला सांगतात. लिगामेंट तुटले आहे का, याचे उत्तर या दोन्हींतून बहुधा मिळते. न तुटलेले किंवा अर्धवट तुटलेले लिगामेंट किती भार सोसेल, याचे मात्र मिळत नाही. एमआरआयच्या रिपोर्टला आपल्याकडे निकालपत्राचा मान आहे, पण त्यात ताकदीचा रकाना नसतो.

याची खरी किंमत मोजतात ते खेळाडू. कबड्डीत चढाईला गेलेला पोरगा पकडीतून सुटताना वळतो, पाऊल मॅटवर अडकते, गुडघा फिरतो आणि एसीएल जाते. मुलींमध्ये तर हा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त. मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते आणि मांडीच्या मागच्या भागातला स्नायूबंध काढून त्याचा ग्राफ्ट बसवला जातो. हा ग्राफ्ट बसवल्या दिवशी असतो त्याहून पुढच्या काही आठवड्यांत कमकुवत होतो. जुन्या पेशी मरतात, नवा रक्तपुरवठा येतो, तंतूंची नव्याने मांडणी होते, आणि हे काम महिनोन्महिने चालते. गुडघा मात्र त्याच्या खूप आधी बरा वाटू लागतो. दुखत नाही, सूज नाही, प्रशिक्षकाचा फोन येतोय. ‘खेळू का?’ या प्रश्नाला डॉक्टरांचे उत्तर असते, ‘नऊ महिने थांब.’

हा आकडा हवेतून आलेला नाही. डेलावेर-ऑस्लो गटाच्या 2016 सालच्या अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत परतणे एकेक महिना पुढे ढकलले तर पुन्हा दुखापतीचे प्रमाण दर महिन्यामागे 51 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तेव्हा थांबावेच. पण ही सरासरी झाली. समोर बसलेल्या खेळाडूचा ग्राफ्ट तयार आहे का, हे कॅलेंडर कसे सांगणार? एका पायावर उड्या मारायला लावतात, मांडीचा जोर मोजतात. त्यात स्नायूची आणि तोलाची परीक्षा होते, ग्राफ्टची नव्हे.

इथे प्रकाशाचा उपयोग आहे. लिगामेंट म्हणजे मुख्यतः पाणी आणि कोलॅजेनचे तंतू. नजरेला न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा निकट-अवरक्त प्रकाश त्यावर टाकला की पाणी आणि कोलॅजेन त्यातल्या ठरावीक तरंगलांबी शोषतात. परतलेल्या प्रकाशावरून आतली घडण कळते. धान्यातला ओलावा मोजायला हीच युक्ती कित्येक वर्षे वापरात आहे. फिनलंडमध्ये, कुओपिओच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी गुरांच्या गुडघ्यातली लिगामेंट घेतली, त्यांच्यावर प्रकाश टाकून नोंदी केल्या, यंत्रात ताणून त्यांचे यांत्रिक गुणधर्म मोजले आणि दोन्हींचा मेळ घातला. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ध्रुवित प्रकाश वापरून ताण वाढताना तंतू कसे एका दिशेला लागतात ते पाहिले जाते. रामन परिणामावर चालणारी उपकरणेही कोलॅजेन तपासतात; 1928 सालच्या कलकत्त्यातल्या त्या शोधाचा आपण दर 28 फेब्रुवारीला दिवस साजरा करतो, तेव्हा हेही सांगायला हरकत नाही.

मात्र हुरळून जाऊ नये. प्रकाश ताकद मोजत नाही, घडणीवरून तिचा अंदाज बांधतो. अंदाज किती पक्का, ते तो ज्या नमुन्यांवर शिकला त्यांवर ठरते, आणि बैलाचा गुडघा कबड्डी खेळत नाही. शिवाय हा प्रकाश कातडी, चरबी ओलांडून सांध्याच्या गाभ्यातल्या एसीएलपर्यंत नीट पोचवणे अवघड. कातडीचा रंगही आड येतो: प्रकाशावरच चालणारा, कोविडात घरोघरी पोचलेला पल्स ऑक्सिमीटर सावळ्या कातडीवर प्राणवायू खऱ्याहून जास्त दाखवू शकतो, हे आपण पाहिलेच आहे. तूर्त खरा रस्ता दुर्बिणीचाच: एवीतेवी आत गेलेल्या दुर्बिणीबरोबर बारीक शलाका धरायची. आणि गुडघ्याला बांधायचे लाल दिव्यांचे पट्टे विकणाऱ्यांनी या संशोधनाशी नाते सांगू नये. तो वेगळा धंदा आहे.

आपल्याला करता येण्याजोगे एक काम मात्र आजच आहे. गुडघ्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात रोज होतात. त्यांतल्या बहुतेकांत एसीएल कापून काढतात आणि ते जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. ही लिगामेंट म्हाताऱ्या, झिजलेल्या गुडघ्यांची असतात हे खरे. पण माणसाची असतात. रुग्णाची परवानगी घेऊन त्यांवर आधी प्रकाश टाकायचा, मग ती यंत्रात ताणून तोडायची आणि आकडे जपून ठेवायचे. आयआयटी मुंबईत वैद्यकीय उपकरणे घडवणारे ‘बेटिक’ केंद्र आहे, ताण मोजणारी यंत्रे तर अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही असतात. राहता राहिली हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना फोन करण्याची तसदी.