शिडाच्या सहलीत बुधवार मोकळा ठेवा

क्रोएशियाच्या डाल्मेशिया किनाऱ्यावर शिडाची बोट आठवडाभर भाड्यानं घेऊन बेटं हिंडायची असं दोन-तीन कुटुंबांनी मिळून ठरवलं की आधी एक तक्ता तयार होतो. रविवारी ब्राच, सोमवारी ह्वार, मंगळवारी विस, बुधवारी कोर्चुला, गुरुवारी म्ल्येत आणि शुक्रवारी संध्याकाळी परत स्प्लिट. नकाशावर ही बेटं एकमेकांना खेटून असल्यासारखी दिसतात. त्या देशाच्या किनाऱ्याला बेटं, लहान टापू आणि खडक मिळून बाराशेच्या वर जागा आहेत, त्यामुळे पाच म्हणजे अगदीच मोजकी निवड केली असं वाटतं. माझं म्हणणं असं, की हा तक्ता बसच्या सहलीचा आहे. शिडाच्या बोटीला तो लागू होत नाही. त्यातली दोन बेटं खोडून टाकावीत, आठवड्यातला मधला एक दिवस कोरा सोडावा आणि तो भरायचा मोह शेवटपर्यंत टाळावा. सुट्टी वाया जाते ती बेटं कमी पाहिल्यानं नव्हे, तक्ता पाळण्याच्या धावपळीत.

आधी साधा हिशेब करू. तिथे बोट शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास ताब्यात मिळते आणि पुढच्या शनिवारी सकाळी नऊपर्यंत रिकामी करून द्यावी लागते. बहुतेक करारांत शुक्रवारी संध्याकाळीच मूळ बंदरात परत येण्याची अट असते. पहिली संध्याकाळ बोटीतलं सामान तपासण्यात, वाणसामान आणि पिण्याचं पाणी भरण्यात जाते. म्हणजे हातात सात दिवस नसतात, सहा असतात, आणि सहावा परतीचा. साधी शिडाची बोट ताशी पाच-सहा सागरी मैल चालते, म्हणजे नऊ ते अकरा किलोमीटर. वरच्या तक्त्याप्रमाणे फेरी केली तर एकूण अंतर दीडशे सागरी मैलांच्या आसपास भरतं, म्हणजे रोज सरासरी पाच तास नुसतं चालत राहायचं. कोर्चुला आणि म्ल्येत ही आग्नेयेकडची दोन बेटं गाळून ब्राचचं मिल्ना, विस आणि ह्वार एवढीच धरली, तर तेच अंतर ऐंशीच्या आसपास येतं. रोजचे पाच तास निम्म्यावर येतात, आणि उरलेल्या वेळात पोहता येतं, गावात हिंडता येतं, शीड कसं ओढायचं ते मुलांना शिकता येतं.

आता वारा. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळे शाळेच्या भूगोलात शिकलो आहोत. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. डाल्मेशियात उन्हाळ्यात असाच एक भरवशाचा वारा असतो, माएस्त्राल. सकाळी पाणी काचेसारखं स्थिर असतं. दहा-अकराच्या सुमारास वायव्येकडे पाण्यावर गडद निळे पट्टे दिसू लागतात, ते हळूहळू जवळ येतात, लोंबणारं शीड एकदम फुगतं आणि बोट एका कुशीवर कलते. दुपारी दोन-तीनला जोर सर्वांत जास्त, सूर्य मावळता मावळता वारा पडतो. या वाऱ्याची दिशा नियोजनात सगळ्यात महत्त्वाची, आणि तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नसतो. स्प्लिटहून कोर्चुला-म्ल्येतकडे जाताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे पहिले चार दिवस अंतर सहज तुटतं आणि आपण फार चांगली योजना केली असं वाटत राहतं. परतताना तोच वारा तोंडावर येतो. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट सामोरी जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं, आणि दहा मैलांचे चौदा होतात. गुरुवारी रात्री म्ल्येतला असलेल्या माणसाला शुक्रवारी संध्याकाळी स्प्लिटला पोचायचं असेल, तर तो अख्खा दिवस इंजिनाच्या घरघरीत, लाटांवर आपटत जातो.

आणि हा झाला चांगला वारा. बुरा हा ईशान्येकडून येणारा कोरडा, थंड वारा किनाऱ्यालगतच्या डोंगररांगांमागे साठतो आणि खिंडींतून झटक्यांनी खाली कोसळतो. युगो आग्नेयेकडून येतो, दमट असतो, दोन-तीन दिवस जोर धरत जातो आणि मोठ्या लाटा उठवतो. शिवाय नेवेरा नावाचं उन्हाळी वादळ, जे पश्चिमेकडून अचानक येतं आणि तासाभरात निघूनही जातं. ऐन उन्हाळ्यात बुरा आणि युगो रोजचे नसतात, पण आठवड्यात एखादा दिवस असा निघणं अजिबात नवल नाही. विस बेटाचंच पाहा. त्याला दोन बंदरं आहेत. विस गावाचं बंदर ईशान्येकडे उघडं, कोमिझाचं पश्चिमेकडे. बुरा असेल तर पहिल्या बंदरात बोटी रात्रभर हिंदकळतात, पश्चिमेचा वारा असेल तर दुसऱ्यात. एकाच बेटावर रात्र कुठे काढायची हे त्या दिवशीचा वारा ठरवतो. मग मुक्कामाचं बंदर सहा महिने आधी मुंबईत किंवा पुण्यात बसून कसं ठरवणार? आपल्या कोकणातला तांडेल समुद्राशी असा करार करत नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मग समुद्र कसा आहे ते बघून बाहेर पडायचं, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे.

यावर दोन उत्तरं हमखास मिळतात. एक, बोटीला इंजिन असतं. असतं, आणि वाऱ्याविना सकाळी किंवा बंदरात शिरताना ते लागतंच. पण तोंडावरच्या वाऱ्यात आणि चढ्या लाटेत इंजिनाच्या जोरावर सहा तास जाणं हा प्रवास मुलांना आणि वयस्करांना सोसत नाही, बोट लागते, आणि ज्या शिडासाठी एवढा खर्च केला ते गुंडाळलेलंच राहतं. दुसरं उत्तर, हवामानाचे अंदाज आता अचूक असतात. दोन-तीन दिवसांपुरते ते खरोखर चांगले असतात, आणि म्हणूनच तर बुधवार कोरा हवा. सोमवारी रात्री अंदाज पाहून गुरुवारचं बंदर बदलायचं, तर बदलायला जागा लागते. तक्त्यातला प्रत्येक दिवस भरलेला असेल, तर तो अंदाज कळूनही उपयोग नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. विमानाची तिकिटं, शेंगेनचा व्हिसा, बोटीचं भाडं, बंदरांचे आकार. परवाना असलेलं कुणी सोबत नसेल तर स्किपरचं रोजचं मानधन, शिवाय त्याचं जेवण आणि झोपायची जागा. आयुष्यात एकदा होणारा खर्च आहे, तर जास्तीत जास्त बघून घेऊ, हा विचार चुकीचा म्हणून झटकता येत नाही. मात्र जास्त बघणं म्हणजे काय, हे तपासायला हवं. विसपासून जवळच्या बिशेवो बेटावर निळी गुहा आहे. पाण्याखालच्या एका फटीतून ऊन आत शिरतं, तळावरून परततं आणि सगळी गुहा आतून निळी उजळते. हा प्रकाश सर्वांत चांगला मिळतो सकाळी अकरा ते बाराच्या सुमारास. दार इतकं बुटकं, की लहान होडीतून वाकून जावं लागतं आणि समुद्र खवळलेला असेल तर गुहा बंद ठेवतात. ज्याच्याकडे विससाठी एकच सकाळ आहे त्याची गुहा हुकली की हुकली. ज्याच्याकडे दोन आहेत त्याला संधी आहे. विस बेट युगोस्लाव्ह लष्कराच्या तळामुळे 1989 पर्यंत परदेशी पर्यटकांना बंद होतं. तिथली द्राक्षांची शेतं, मासेमारांची गावं आणि लष्कराचे रिकामे बोगदे पाहायला पूर्ण दिवस लागतो. ह्वारवरचं स्तारी ग्राद ग्रीक वसाहतकारांनी इसवी सनपूर्व 384 मध्ये वसवलं. त्यांनी आखलेल्या शेतांच्या दगडी सीमा अजून शाबूत आहेत, त्या शेतांत आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात, आणि 2008 पासून तो सपाट भाग जागतिक वारसा आहे. धक्क्यावर उतरून फोटो काढून निघालेल्या माणसाला हे शेत दिसतच नाही, कारण ते गावाबाहेर आहे. पाच बेटांचे पाच धक्के पाहण्याच्या पैशात तीन बेटं आतून पाहणं मला तरी फायद्याचं वाटतं. म्ल्येतही विलक्षण आहे. 1910 मध्ये तिथे विषारी सापांच्या बंदोबस्तासाठी आपल्याकडचं लहान मुंगूस नेऊन सोडलं, आणि पुढे त्यानं पक्ष्यांनाही सोडलं नाही. पण म्ल्येतसाठी वेगळी फेरी करावी, दुब्रोव्हनिकहून. ते तिथून जवळ आहे.

घाईचा भार आपल्या एकट्यावर पडत नाही. क्रोएशियाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत, आणि तिथे वर्षाला येणारे पर्यटक दोन कोटींच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये ह्वारच्या बंदरात आणि समोरच्या पाक्लेनी बेटांच्या खाड्यांत दुपार कलल्यावर जागा मिळत नाही. लांबचा पल्ला धरलेली बोट संध्याकाळी सहा-सातला पोचते, तेव्हा बांधायचे बोये गेलेले असतात. मग अंधारात, तळ न दिसता, जिथे जमेल तिथे नांगर टाकला जातो. भूमध्य समुद्राच्या तळावर पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताची कुरणं आहेत, माशांची पिल्लं त्यांत वाढतात. हे गवत आडवं पसरतं ते वर्षाला फार तर काही सेंटीमीटर. नांगराची साखळी एका रात्रीत जेवढं उपटते तेवढं भरून यायला अनेक वर्षं जातात. दुपारी दोनला पोचलेल्या माणसाला पाण्यातून तळ दिसतो. फिकट ठिपका म्हणजे वाळू, गडद म्हणजे गवत. तो वाळूवर नांगर टाकू शकतो.

ज्यांना मुळात गावं आणि स्मारकं पाहायची आहेत, समुद्राची ओढ नाही, किंवा घरात कुणाला बोट हमखास लागते, त्यांनी शिडाच्या बोटीच्या वाटेला जाऊच नये असंही मी म्हणेन. स्प्लिटहून ब्राच, ह्वार, विस, कोर्चुला सगळीकडे नियमित फेऱ्या आहेत. जमिनीवर खोली घेऊन, दिवसा फेरीनं हिंडून पाच बेटं आरामात होतात, आणि खर्चही कमी. त्यांचा तक्ता तिथे चालेल. बोट निवडणाऱ्यांनी तारखाही वाऱ्याकडे बघून ठरवाव्यात. मे महिन्याच्या सुट्टीत पाणी अजून गार असतं आणि माएस्त्राल पुरता बसलेला नसतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत युगो आणि पावसाचे दिवस सुरू झालेले असतात. शाळकरी मुलं असतील तर जूनचा पहिला पंधरवडा, नसतील तर सप्टेंबर. तेव्हा पाणी कोमट असतं आणि गर्दीही ओसरलेली असते.

आणि तक्ता केलाच असेल, तर पैसे भरण्याआधी तो स्किपरला पाठवून एकच प्रश्न विचारावा. यातली कोणती दोन बेटं तुम्ही काढून टाकाल? किनारा ओळखणारा माणूस असेल तर तो आधी तुम्ही कोणत्या महिन्यात येताय ते विचारेल आणि मग नावं सांगेल. जो एकही न काढता सगळं होईल म्हणतो, त्याच्याऐवजी दुसरा शोधावा.