देशाटन आणि सभा

प्रवास करणें आणि सभेंत वावरणें हीं दोन्ही चातुर्याचीं साधनें आपल्याकडील एका जुन्या पद्यांत एकत्र सांगितलीं आहेत. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं तें पद्य बालपणीं पाठ केलें असेल. परंतु पहिलें साधन हातीं आलें कीं दुसरें त्यामागून आपोआप येतें, असा जो समज हल्लीं दिसतो, त्यास त्या पद्यांत आधार नाहीं. आगगाडीनें व विमानानें देशाटन सुलभ केलें. पण पाहिलेलें चार माणसांपुढें उभें राहून नीट सांगणें हें पूर्वींइतकेंच कठीण राहिलें आहे.

आमच्या मराठवाड्यांत तर सभेंत बोलणें एके काळीं जोखमीचेंही होतें. १९१८ सालीं हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षण उर्दूंतून चाले; आणि १९२९ सालच्या ‘गश्ती निशाण ५३’ या निजामी फर्मानानें पूर्वपरवानगीवांचून जाहीर सभा भरविण्यास बंदी झाली. अशा दिवसांत, १९३८ सालीं, लातूरास महाराष्ट्र परिषदेचें अधिवेशन भरलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपली, १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें, आणि पुढें त्याच कॉलेजचे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांचीं व्याख्यानें ऐकण्यास ठिकठिकाणीं लोक जमूं लागले. ज्या गोष्टीसाठीं आजोबांच्या पिढीस सरकारचा परवाना लागे, ती नातवांच्या पिढीस केवळ संकोचापायीं साधूं नये, ही खेदाची गोष्ट होय.

तो संकोच घालविण्याकरितां आतां निरनिराळीं मंडळें निघालीं आहेत. अमेरिकेंत राल्फ स्मेडली नांवाच्या गृहस्थांनीं १९२४ सालीं सांता आना या गांवीं ‘टोस्टमास्टर्स’ मंडळ सुरू केलें; त्याची पद्धत पुढें जगभर पसरली. एकानें बोलावें, दुसऱ्यानें वेळ मोजावी, तिसऱ्यानें गुणदोष सांगावे, एवढाच तिचा सारांश. अशा पद्धतीनें चालणाऱ्या नांदेडांतील एका लहानशा मंडळाच्या बैठकीस नुकतेंच जाण्याचा योग आम्हांस आला. त्या दिवशींचे वक्ते मूळचे लातूरचे एक तरुण सभासद होते. आईवडिलांस काशीयात्रा घडवून ते परतले होते, आणि तोच त्यांचा विषय होता. मुदत सात मिनिटांची. वेळ मोजणाऱ्या बाईंजवळ हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन पुठ्ठे होते.

पहिलीं पांच मिनिटें वक्त्यांनीं कागदावरून वाचलीं. गाडी किती तास उशिरा सुटली, खोलीचें भाडें काय पडलें, किती घाट पाहिले, कोठें कचोरी चांगली मिळाली, हें सर्व क्रमवार आलें. आवाज स्पष्ट, उच्चार शुद्ध. तरी श्रोत्यांची चुळबूळ सुरू झाली. इतक्यांत मागच्या रांगेंत सुनेबरोबर आलेल्या एक वृद्ध बाई, सभेचा नियम ठाऊक नसल्यामुळें, मध्येंच म्हणाल्या, “बाळा, नाथांचें भागवत काशींत पुरें झालें म्हणतात. तिथें तुम्हांला कुणाला आपल्या गंगेची आठवण झाली कीं नाहीं?” गोदावरीकांठच्या माणसांची गंगा म्हणजे गोदावरीच, हें सांगणें नकोच.

तरुण क्षणभर थांबले. मग कागद खालीं ठेवून म्हणाले, “झाली, आजी. बाबांना झाली.” स्नानापूर्वीं संकल्प सोडतांना त्यांच्या वडिलांनीं जन्माच्या सवयीनें गोदावरीचें दक्षिण तीर उच्चारिलें. उपाध्यायांनीं हंसून भागीरथीचें पश्चिम तीर म्हणावयास सांगितलें. वडिलांनीं तसें म्हटलें खरें, पण पाण्यांतून वर आल्यावर ते मुलास म्हणाले, “तोंडानें बदललें रे, मनांतून बदलेना.” सात मिनिटें केव्हांच होऊन गेलीं होतीं; तांबडा पुठ्ठा बाईंच्या मांडीवरच राहिला.

गुणदोष सांगणाऱ्या सभासदांनीं मुदत मोडल्याचा दोष रीतीप्रमाणें नोंदविला, आणि तें योग्यच केलें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हा संकल्प व्याख्यानाच्या आरंभीं यावयास हवा होता. भाडें व अंतर हें ज्यास हवें तो कोठेंही पाहून घेईल. वडिलांचें तें वाक्य मात्र त्या मुलावांचून कोणीही सांगूं शकला नसता. शिवाय निघण्यापूर्वीं थोडें वाचन केलें असतें, तर त्या एका वाक्यास केवढी पार्श्वभूमी मिळाली असती! एकनाथांनीं आपलें भागवत शके १४९५, म्हणजे १५७३ सालीं, काशीस पूर्ण केलें. पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांच्या पुढाकारानें सोळाव्या शतकांत विश्वेश्वराचें देऊळ पुन्हा उभें राहिलें. आणि त्याच घराण्यांतील गागाभट्टांनीं १६७४ सालीं रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक केला. आजचें देऊळ अहिल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत बांधविलें. गोदातीरावरून काशीस गेलेला मनुष्य तेथें सर्वस्वीं परका नसतो.

वरसईच्या गोडसे भटजींचें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक याच कारणानें टिकलें. १८५७ सालीं ते दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस गेले आणि झांशीच्या वेढ्यांत सांपडले. पुढें आईवडिलांस स्नान घालण्याकरितां गंगेची कावड घेऊन घरीं आले. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनीं तें सारें लिहिलें, आणि १९०७ सालीं तें छापून निघालें. त्यांत भटजींनीं स्वतः पाहिलेलें व सोसलेलें आहे. म्हणून तें आजही वाचवतें.

आतां आमच्या वाचककुटुंबांस एक सूचना. यात्रा करून मंडळी घरीं आलीं कीं वृत्तांत सांगण्याचा मान बहुधा कर्त्या पुरुषास मिळतो, आणि बाकीचे माना डोलावतात. परंतु सामान कोणीं सांभाळलें, सासूबाईंस पायऱ्या चढतांना कोठें बसावें लागलें, मूल कोणत्या गोष्टीस भ्यालें, हें सुनेस आणि मुलांस अधिक ठाऊक असतें. रात्रीं जेवणें झाल्यावर प्रत्येकास सात मिनिटें द्यावीं; छायाचित्रें नंतर दाखवावीं. वडील माणसांनीं मध्यें बोलूं नये, शेवटीं मात्र एक गुण व एक दोष प्रेमानें सांगावा. ज्या मुलीस घरांत आजोबांसमोर न अडखळतां बोलतां येतें, ती परक्या सभेंत सहसा अडखळणार नाहीं. येत्या सुटींत हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची विनंती आहे.