वीसपैकी वीस

दहावीचा निकाल लागला की बेळगावच्या टिळकवाडीत आरपीडी क्रॉसच्या आसपास फलकांचं पीक येतं. शाळेचा फलक वेगळा, क्लासवाल्यांचा वेगळा, आणि दोन्हींवर तीच मुलगी. पेपरातली बातमीही ठरलेली: बेळगाव शैक्षणिक जिल्हा राज्यात कितवा, चिकोडी कितवा, कोण घसरलं. एवढ्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारत नाही. पोराला येतं काय?

मी विचारतो आणि लोकांना राग येतो. येऊ दे.

आधी एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, हिशेब मांडू. एकूण गुण 625. पहिली भाषा 125 गुणांची, म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलांची मराठी. बाकी पाच विषय शंभराचे. एकूण 625पैकी 125 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातातले. लेखी उरते 500ची. या अंतर्गत गुणांमागची कल्पना उत्तमच होती. तीन तासांच्या पेपरात दिसत नाही ते वर्षभर पोराबरोबर राहणाऱ्या शिक्षकाला दिसतं. मूल वाचतं कसं, प्रयोगाला हात घालतं का, अडलं तर विचारतं का. आणि प्रत्यक्षात? कव्हर घातलेली वही, नेटवरून उतरवलेला प्रोजेक्ट, थर्माकोलचा ज्वालामुखी, झाले वीसपैकी वीस! वळणदार अक्षराच्या गप्प मुलीला वीस, समीकरण तोंडी सोडवणाऱ्या पण वही विसरणाऱ्या वांड पोराला चौदा. तिचे वीस आणि याचे चौदा, दोन्हींचा गणिताशी काडीचाही संबंध नाही. एक आज्ञाधारकपणाचं बक्षीस, दुसरा शिस्तभंगाचा दंड. गुणपत्रिकेवर मात्र दोन्ही ‘गणित’ या सदराखाली जमा.

याचा दोष एकट्या शिक्षकावर ढकलणारा माणूस भित्रा आहे. मुख्याध्यापकाला निकाल हवा, त्याच्या डोक्यावर बसलेल्या बीईओला, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याला, तालुक्याचा निकाल हवा, आणि डीडीपीआयला, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकाला, जिल्ह्याचा क्रमांक. या उतरंडीत खरे अकरा गुण देणाऱ्या शिक्षकाला वाली कोण? पालकच पहिले भांडायला येतात.

ज्या महाराष्ट्रात जाण्यासाठी आपण सीमाभागातले मराठी लोक 1956पासून झगडतो आहोत, त्या राज्याने तर या भोंगळपणाचा जाहीर पुरावाच देऊन ठेवला आहे. 2018 साली तिथला दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019ला भाषा आणि समाजशास्त्राचे अंतर्गत गुण काढून घेतले, आणि निकाल 77.10 टक्क्यांवर आपटला. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं मठ्ठ झाली का? ओरड झाली, सरकार घाबरलं, गुण परत आले आणि 2020चा निकाल 95.30! त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता हे खरं, पण अठरा टक्क्यांची उडी एका भूगोलाने मारता येत नाही.

आपल्या कर्नाटकातही तेच. 2021ला दोन दिवसांत बहुपर्यायी परीक्षा उरकली आणि साडेआठ लाखांहून जास्त मुलांत नापास एकच. तेही स्वतःच्या जागी दुसऱ्याला बसवलं होतं म्हणून. 2023चा निकाल 83.89. 2024ला परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे आले, वेबकास्टिंग सुरू झालं. ग्रेस गुणांची मर्यादा दहा टक्क्यांवरून वीसवर नेली, तरी निकाल 73.40 वर घसरला. वरून कॅमेरा बघतोय एवढ्यानेच दहा टक्के मुलांची विद्या गळून पडते, तर ती विद्या नव्हतीच. 2025ला ग्रेसची ती खैरात बंद झाली, निकाल आणखी खाली गेला. मग सरकारने काय करावं? गणिताच्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात? खेड्यांतल्या शाळांना विज्ञानाचे शिक्षक द्यावेत? ऑक्टोबर 2025मध्ये शिक्षणमंत्री मधु बंगारप्पांनी उत्तीर्ण होण्याची अटच 35 टक्क्यांवरून 33वर आणली. अंतर्गत आणि लेखी मिळून 625पैकी 206, आणि प्रत्येक विषयात किमान 30 टक्के. आता बेरीज तुम्हीच करा. अंतर्गतचे 125 पदरात पडले, की लेखीच्या 500पैकी 81 पुरतात. शंभरात सोळा! एवढ्यावर ‘उत्तीर्ण’ असा शिक्का मारणं ही फसवणूक आहे.

तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून निपाणीच्या शेतकऱ्यांनी 1981 साली पुणे-बंगळूर रस्ता अडवून धरला होता. घामाच्या मालाचं मोल कुणी चुकतं केलं नाही तर आपली माणसं रस्त्यावर उतरतात. पोरांच्या बाबतीत मात्र सगळे चिडीचूप, कारण इथला काटा आपल्या बाजूला झुकलाय.

आणि खोट्या गुणांची किंमत मोजतो कोण? डॉक्टर-वकिलांची पोरं नव्हेत. त्यांना पाचवीपासून ट्यूशन आहे, आणि नीटला वीसपैकी वीस चालत नाहीत हे त्यांच्या आईबापांना पक्कं ठाऊक आहे. मोजते ती निपाणीत दिवसभर विड्या वळणारी आई. तिला वर्गातली गोष्ट दुसरं कुणी सांगणारं नाही. तिच्याकडे फक्त गुणपत्रिकेचा कागद आहे, आणि त्यावर तिचा विश्वास आहे. पोरगं पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, आपटलं की ती पोरालाच बोल लावते. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या 2023च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलांपैकी चौथा हिस्सा मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सरळ वाचता आला नाही. ही मुलं कुणाच्या तरी वर्गात पास होत होतीच ना!

‘कमी गुण दिले तर मुलं खचतात’ हा ठेवणीतला युक्तिवाद मला ऐकवू नका. दहावीत कळलं असतं तर शिकवून घेता आलं असतं ते पोराला अठराव्या वर्षी कळतं, तेव्हा ते खरं खचतं. गुण कमी देऊन हात झटका असं मी म्हणतच नाही. अकरा द्या, आणि उरलेले नऊ का गेले ते लिहून द्या: अपूर्णांक येत नाहीत, परिच्छेद वाचून अर्थ सांगता येत नाही. वर्तन, हजेरी, टापटीप यांचा रकाना वेगळा ठेवा. प्रत्येक शाळेची अंतर्गत आणि लेखी सरासरी शेजारी शेजारी छापा. जिथं अंतर्गत पंचाण्णव टक्के आणि लेखी तीस, तिथं डीडीपीआयनी स्वतः जाऊन वह्या उघडाव्यात.

तोवर तुम्ही एक करा. पुढच्या पालकसभेला टक्के विचारू नका. पोराची एफएची, म्हणजे अंतर्गत चाचणीची, उत्तरपत्रिका मागा, त्यातला एक प्रश्न त्याला तिथंच शिक्षकांसमोर सोडवायला सांगा. आला नाही, तर त्याला रागावू नका. वीसपैकी वीस कशाचे दिले ते शाळेला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.