नॉरईस्टर ठरवायचा कशावरून?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळी वादळ घोंगावू लागले, की न्यू जर्सी-बोस्टनकडच्या नातेवाइकांच्या बोलण्यात ‘नॉरईस्टर’ येतो आणि पाठोपाठ एकच चौकशी होते : बर्फ किती इंच? या नावाला अधिकृत मोजमाप मात्र नाही. सलग वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटरला पोहोचला की हरिकेन. ताशी ५६ किलोमीटरचा वारा, पाव मैलापलीकडचे दिसेनासे आणि हे सारे तीन तास टिकले की ब्लिझर्ड. नॉरईस्टरला असा कुठलाही आकडा नसल्याने बर्फाचा जाडसर थर पडायची चिन्हे दिसली, की वाहिन्या हे बिरुद बहाल करून मोकळ्या होतात. माझ्या मते बर्फ हा इथे निकषच होऊ शकत नाही. किनाऱ्यावर ईशान्येचा वारा किती वेळ ठाण मांडून बसला, त्यावरून हे नाव द्यावे.

वारा ईशान्येचा असला तरी वादळ तिकडून येत नाही, हे बेंजामिन फ्रँकलिनने १७४३ सालीच ताडले होते. फिलाडेल्फियात ईशान्येच्या वाऱ्याने ढग आणले आणि चंद्रग्रहण हुकले. वारा बोस्टनच्या दिशेकडून येत होता, म्हणजे वादळ तिथे आधी झाले असणार, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात बोस्टनला ग्रहण स्वच्छ दिसले आणि वादळ नंतर पोहोचले. हिवाळ्यात गारठलेली जमीन आणि शेजारून वाहणारा गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह यांच्या तापमानातल्या तफावतीवर ही वादळे पोसतात. कमी दाबाचे केंद्र किनाऱ्यालगत, पण समुद्रावरून, नैऋत्येकडून ईशान्येकडे सरकते. त्याच्याभोवतीचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणून केंद्राच्या वाटेच्या डाव्या हाताच्या किनाऱ्यावर ते थेट समुद्रावरून आदळतात. तेच केंद्र शहराच्या पश्चिमेकडून, जमिनीवरून गेले, तर तिथला वारा आग्नेयेचा किंवा दक्षिणेचा होतो. कॅनडाच्या मैदानातून झपाट्याने येणारी वादळेही बर्फ टाकून जातात, पण समुद्राचे पाणी किनाऱ्यावर ढकलत नाहीत. खरा भेद इथे आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ६ ते ८ मार्च १९६२चे ‘ॲश वेन्सडे’ वादळ. उत्तरेकडच्या उच्च दाबाने त्याची वाट अडवली, त्यामुळे ते किनाऱ्यासमोर रेंगाळले आणि लागोपाठ पाच भरत्यांना समुद्र लोटत राहिले. त्यात चंद्र पृथ्वीच्या जवळ आणि उधाणाची तिथी! ओहोटीला पाणी उतरायला फुरसतच मिळेना. सुमारे चाळीस माणसे दगावली. मेरिलँडजवळच्या अ‍ॅसाटीग बेटावर तेव्हा भूखंड विकून वसाहत उभारणे चालले होते, डांबरी रस्ताही झाला होता. वादळाने तो उखडून टाकला. त्याचे तुकडे आजही तिथल्या वाळूत दिसतात. वसाहतीचा बेत बारगळला आणि १९६५ साली तो किनारा राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाला. हे काही इंचभर बर्फाने केलेले नाही. रॉबर्ट डोलन आणि रॉबर्ट डेव्हिस यांनी १९९२ साली या वादळांची पाच पायऱ्यांची प्रतवारी केली, तीही लाटांची उंची आणि त्या टिकण्याचा काळ यांवरच.

बर्फाने शहरे ठप्प होतात, मग लोकांना तेच सांगायला नको का, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी ब्लिझर्डचा इशारा आहे, आणि बर्फाचे क्षेत्र व तिथली लोकसंख्या यांचा मेळ घालणारी कोसिन-उचेलिनी यांची प्रतवारीही २००४ पासून आहे. किनाऱ्यावर नुसता पाऊस पाडून घरे पाण्यात घालणारे वादळ त्या प्रतवारीत शून्य ठरते, एवढेच. दुसरा आक्षेप : ईशान्येचा वारा तर हरिकेनही आणते. खरे आहे, म्हणून ऊर्जेचा स्रोतही पाहावा लागेल. तापमानाच्या तफावतीवर नव्हे, तर नुसत्या उबदार समुद्रावर पोसलेले वादळ यात बसत नाही. २०१२ची सँडी मात्र दोन्ही डगरींवर उभी होती. किनाऱ्याला धडकण्याआधीच ती हरिकेन उरली नव्हती, असे खुद्द हवामान खात्याने जाहीर केले. अशी सरमिसळ अधूनमधून होणारच, तिच्यापायी निकष सोडून देण्याचे कारण नाही. सर्वांत अवघड प्रश्न वेळेचा. ४ जानेवारी २०१८च्या वेगवान वादळाने बोस्टनला एकाच भरतीत पाण्याच्या उंचीचा विक्रम मोडला. तेव्हा पाच भरत्यांची अट घालणे चूक ठरेल. २००१ साली हर्श आणि सहकाऱ्यांनी पूर्व किनाऱ्यावरच्या हिवाळी वादळांची नोंद करताना किमान बारा तासांची अट घातली होती. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते, म्हणजे तेवढ्या अवधीत बहुधा एक भरती सापडतेच. हीच खालची मर्यादा धरावी, मग एकच वादळ बोस्टनला नॉरईस्टर ठरले आणि वॉशिंग्टनला नाही, तरी बिघडत नाही. अंदाज देणाऱ्यांनी बर्फाच्या इंचांबरोबर ‘वारा किती भरत्या टिकेल’ हा आकडाही सांगायला सुरुवात करावी.